पुढच्या चाकातली खडखड

सोमवार, ३

मिस्त्री म्हणाला, "मास्तर, आवाज कधी येतो ते लिहून ठेवा. वेळ, गियर, रस्ता, सगळं. मग बघू." म्हणून ही वही काढली. पण मी मिस्त्रीसाठी लिहीत नाहीये. पुरावा म्हणून लिहितोय.

आवाज असा: खड, खडखडखड, खड. पत्र्याच्या डब्यात चार खिळे घालून कुणी हलवावा तसा. पुढून येतो, खालून येतो, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या बाजूनं. म्हणजे मी बसतो तिथून. गेल्या आठवड्यात सुरू झाला आणि आता रोज आहे.

संशयित एकच. धाकटी. माझी सख्खी बहीण. तिला स्टिअरिंग धरायला मी शिकवलं, शिक्षकाचा परवाना मी काढायला लावला, चौदा वर्षं तिनं माझ्या ड्रायव्हिंग शाळेत माझ्या मांडीला मांडी लावून शिकवलं. आणि तीन महिन्यांपूर्वी बाईसाहेब उठल्या, म्हणाल्या, "दादा, तुझ्या शिकवण्यातच खोट आहे. ऐकून घेणार आहेस का?" मी म्हटलं, नाही. कशाला ऐकू? बावीस वर्षं शाळा चालवतोय मी. तर तिनं दोन गल्ल्या सोडून स्वतःची शाळा काढली. एकोणीसपैकी अकरा शिकाऊ तिच्यामागे गेले.

आणि जायच्या आदल्या दिवशी ती शेडमध्ये माझ्या गाडीबरोबर एकटी होती. शटर खाली ओढलेलं. आतून पान्याचा आवाज येत होता. मी विचारलं तर म्हणाली, "माझं सामान आवरतेय." सामान काय पान्यानं आवरतात? तिनं काहीतरी ढिलं करून ठेवलंय. लगेच पडणार नाही, तीन महिन्यांनी पडेल, असं. डोकं आहे तिला. माझीच बहीण आहे.

चोवीस तारखेला परीक्षेच्या मैदानावर गाडीची वार्षिक तपासणी. खडखडणारी गाडी वाहन कार्यालयाचे साहेब पास करत नाहीत. गाडी नापास म्हणजे परवाना अडकला, आणि माझ्याकडे गाडी ही एकच. बावीस वर्षांची शाळा एका खडखडीत बंद होणार आणि ती बघत उभी राहणार. मी तसं होऊ देणार नाही. आवाज शोधीन, तिचा हात त्यात दाखवीन, आणि भर मैदानात साहेबांसमोर तिला नाक घासायला लावीन.

बुधवार, ५

मिस्त्रीनं गाडी फिरवली. मी मागच्या सीटवर बसलो, त्याचे पान्यांचे डबे पुढच्या सीटवर. पुलापर्यंत गेलो, चढ चढलो, खडीच्या रस्त्यावरून नेली. आवाज नाही. एक खड नाही.

"मास्तर, कान तपासून घ्या एकदा," म्हणाला. वर हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं मी इंजिनाच्या आवाजावरून सांगतो की शिकाऊ माणसानं कुठला गियर टाकलाय. कान माझे तपासायचे!

शुक्रवार, ७

नोंदी.

सकाळी सात. पोस्टातल्या बाई चालवत होत्या, मी शेजारी. आवाज पूर्ण तास.

आठ वाजता परत येताना मी एकटा चालवत होतो. आवाज नाही.

नऊ वाजता औषधांच्या दुकानातला पोरगेला सेल्समन. आवाज पूर्ण तास.

निष्कर्ष: शिकाऊ माणूस चालवतो तेव्हाच येतो. म्हणजे धाकटीनं नेमकं असं काहीतरी केलंय की माझ्या गिऱ्हाइकांसमोर गाडी खडखडावी आणि माझी लाज जावी. पोस्टातल्या बाई आज म्हणाल्याच, "मास्तर, गाडी जुनी झाली का हो?" मी म्हटलं, बाई, तुम्ही एक्सलरेटर दाबा. दाबत नाही तुम्ही. अजून दाबा, गाडीला ताकद लागते.

या बाई दोनदा परीक्षेत नापास झाल्यात. माझ्याबरोबर गाडी बैलगाडीच्या चालीनं नेतात, आणि परीक्षेत साहेब शेजारी बसले की तीच गाडी अशी उधळते की सरळ वळणावर मांडलेल्या ड्रमांना जाऊन भिडते. साहेबांचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत ड्रम आडवा. या वर्षी माझ्या आठपैकी सहा जणांचं हेच झालं. सगळे साहेबांना घाबरतात. की धाकटीनं साहेबांचे कान फुंकलेत? तेही शोधायचंय.

आणखी एक. चौकात मागचा टेम्पोवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "काका, मागचा लाल दिवा विझतच नाही तुमचा!" घरी येऊन बघितलं तर दिवा व्यवस्थित, बंद. लोकांना काम नाही.

रविवार, ९

प्रयोग केला. शिकाऊ माणसाबरोबर दोन माणसांचं वजन असतं, एकट्यानं एकाचं. तेव्हा धाकटीनं वजनावर वाजणारं काहीतरी बसवलंय असा माझा अंदाज. वाळूची दोन पोती आणली, माझ्या सीटवर ठेवली, पट्टा लावला आणि मी चालवली.

आवाज नाही.

परत आलो तर ही गॅलरीत उभी. "अहो, आता पोत्यांना शिकवताय का? बरंच आहे, निदान ती वन्संकडे पळून जायची नाहीत." बायकोनं बोलावं असं हे बोलणं आहे का? मी जेवलो नाही. म्हणजे, उशिरा जेवलो.

पोती माझ्यापेक्षा जड होती. तरी आवाज नाही. मग माझ्यात असं काय आहे जे पोत्यात नाही? या प्रश्नावर झोप लागली.

मंगळवार, ११

आज धाकटीची गाडी बाजारातून जाताना दिसली. नवी, पांढरी, धुतलेली. एक कॉलेजातली मुलगी चालवत होती आणि धाकटी शेजारी चक्क मांडी घालून बसली होती! दोन्ही पाय सीटवर! शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायापाशी दुसरा ब्रेक असतो तो कशाला? शिकाऊ माणूस चुकला तर मास्तरनं दाबावा म्हणून. ही बया पाय वर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. उद्या कुणाला उडवलं म्हणजे?

माझा पाय त्या ब्रेकवरून बावीस वर्षांत कधी उठलेला नाही. सावध माणसाचा पाय आहे तो. हे मी तिला शंभर वेळा सांगितलं. ती उलट वाद घालायची.

पण आज मला हवं ते सापडलं.

गुरुवार, १३

वाहन कार्यालयात तक्रार टाकून आलो. निनावी. डाव्या हातानं लिहिली. "सदर महिला शिक्षिका शिकाऊ व्यक्तीच्या हाती गाडी देऊन स्वतः पाय वर घेऊन बसते. दुसरा ब्रेक असून नसल्यासारखा. सबब सदर गाडीची दुसऱ्या ब्रेकसह कसून तपासणी व्हावी व परवाना रद्द व्हावा." तक्रारपेटीत टाकली. छान वाटलं. परत येताना शीळ घातली.

तिनं माझी शाळा बुडवायला काढली, मी तिची बुडवीन. हिशेब साफ.

घरी हिला सांगितलं नाही.

शनिवार, १५

मिस्त्रीनं सायलेन्सर उतरवून पाहिला, खालचा पत्रा आवळला, इंजिनाची रबरं बघितली. सगळं ठीक. शेवटी म्हणाला, "चाकं काढून ब्रेक बघू का?"

मला हसू आलं. म्हटलं, "ब्रेकला या गाडीत चौदा वर्षांत हात लावावा लागलेला नाही. पॅडसुद्धा बदलले नाहीत. याला म्हणतात गाडी वापरणं."

तो फडक्याला हात पुसत बसला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, धाकट्या ताईंना एकदा विचारून बघा ना."

म्हणजे हाही तिला मिळालेला! मी गाडी घेऊन सरळ बाहेर पडलो. तिला पाना कुणी दिला ते आता कळलं. दोघांनी मिळून केलंय.

बुधवार, १९

वाहन कार्यालयाचं पत्र! "प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने" चोवीस तारखेला सर्व शाळांच्या गाड्या नेहमीसारख्या नुसत्या फिरवून पाहणार नाहीत. शिकाऊ व्यक्ती चालवणार, शिक्षक आपल्या जागी बसणार, दुसऱ्या ब्रेकची चाचणी होणार.

एरवी साहेब एकटेच गाडी फिरवून आणतात, पाच मिनिटांत शिक्का. या वेळी धाकटीला सगळ्यांसमोर सीटवर बसावं लागणार. बघतोच पाय कुठे ठेवते. आता तिची खैर नाही. पत्र तीनदा वाचलं.

संध्याकाळी तिचा फोन आला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. "दादा, चोवीसला येतोयस ना? गाडी बरी आहे ना तुझी?"

बघा, विचारते कशी! मी म्हटलं, "माझी गाडी उत्तम आहे. तू तुझं बघ."

"ब्रेक बघून घे," म्हणाली. मी फोन ठेवला. वर धमकी देते.

सोमवार, २४

हे सावकाश लिहितो. सगळं लिहितो.

सकाळी दहाला मैदानावर सहा गाड्या. धाकटी केस बांधून, हातात कागदांची फाइल. माझ्याकडे बघून हसली. मी बघितलं नाही.

तिचा नंबर आधी लागला. कॉलेजातली ती मुलगी चालवायला. धाकटी शेजारी, पाय खाली, पण ब्रेकपासून लांब. साहेब मागे. मध्येच साहेब ओरडले, "थांबवा!" आणि तिनं दुसऱ्या ब्रेकवर एकदा पाय मारला. गाडी जागच्या जागी. साहेब उतरले आणि म्हणाले, "पास." मला वाटलं होतं एवढ्या सोप्यात सुटणार नाही.

मग मी. पोस्टातल्या बाईंची तिसरी परीक्षा आजच दुपारी होती, म्हणून त्यांनाच चालवायला आणलं होतं. मी माझ्या सीटवर. गाडी निघाली आणि खड, खडखडखड. सगळं मैदान वळून बघायला लागलं. माझ्या कानशिलांना आग लागली.

मागच्या सीटवरच्या साहेबांनी काच खाली करून मागच्या दिव्याकडे पाहिलं, मग पुढे माझ्या पायांकडे. "मास्तर, पाय काढा."

"कुठला?"

"ब्रेकवरचा. वर घ्या."

मी वर घेतला. आवाज बंद.

"ठेवा."

ठेवला. खडखड.

"काढा." बंद. "ठेवा." खडखड. चार वेळा. पोराला उठाबशा काढायला लावाव्यात तसं. पाचव्यांदा मी ठेवलाच नाही.

मैदानाशेजारच्या गॅरेजातून आमच्याच मिस्त्रीला बोलावलं. जॅक लावला, पुढचं चाक काढलं. पॅडचं सगळं मटेरियल झिजून नुसता पत्रा उरलेला, पिन ढिली. मिस्त्री साहेबांना सांगत होता, "जोरात दाबला की पॅड गच्च बसतो, आवाज नाही. पाय नुसता टेकवून ठेवला की नाचतो. मास्तरांचा पाय कायम टेकलेला असतो. मागचा दिवापण कायम लागलेला." साहेबांनी लिहिलं, नापास. फेरतपासणी सत्तावीसला. तोवर गाडी जागेवरच.

नेहमीसारखे साहेब एकटे फिरवून आले असते तर त्यांना काही ऐकूच आलं नसतं. शिक्षकाला सीटवर बसवा, हे कुणी लिहिलं? मी लिहिलं. डाव्या हातानं.

साहेबांनी विचारलं, "शेवटचे पॅड कधी बदलले?" मी म्हटलं, बदलावे लागले नाहीत. मिस्त्री आणि धाकटी दोघंही जमिनीकडे बघायला लागले. मग मिस्त्रीच म्हणाला, "आता सांगतोच. दर तीन महिन्यांनी ताई बदलायच्या. शेडमध्ये, शटर ओढून. माझ्याकडून पॅड न्यायच्या. मास्तरांना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना, म्हणायच्या."

इथे माणसाचे डोळे भरून यायला हवेत. माझे नाही आले. मला असा राग आला की सांगता सोय नाही. चौदा वर्षं! चौदा वर्षं ही माझ्या पाठीमागे माझी चूक झाकत होती आणि मी जगाला सांगत होतो, बघा, माझ्या गाडीला ब्रेक लागत नाहीत. थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

वर साहेबांनी तक्रारीचा कागद तिच्या हातात देऊन विचारलं, "तक्रार खोटी निघाली. लिहिणाऱ्याचा शोध घ्यायचा का? अक्षर तपासता येईल."

"नको साहेब. कोण असेल ते असेल." मग माझ्याजवळून जाताना, फक्त मला ऐकू येईल असं, "सबब सदर महिला काय रे दादा?"

म्हणजे दया दाखवते! मला! तेव्हा मी मनात म्हटलं, हिची खोड कधीतरी मोडलीच पाहिजे.

आणि संधी तिथेच होती. माझी गाडी अडकली, पोस्टातल्या बाईंना परीक्षेला गाडी नाही. बाईंचे डोळे भरले. धाकटी लगेच, "माझी घ्या ना बाई." बाई तिच्या पांढऱ्या गाडीत बसल्या. साहेब शेजारी. समोर ड्रम, ड्रमांमागे भिंत.

आणि मला लख्ख समजलं. बाई का उधळतात. बाकीचे पाच का उधळले. माझ्या गाडीत त्यांच्या एक्सलरेटरवर माझा ब्रेक कायम लागलेला. गाडी हलावी म्हणून दुप्पट दाबायला मीच शिकवलं त्यांना. अजून दाबा, गाडीला ताकद लागते! परीक्षेत माझा पाय नसतो आणि गाडी सुटते. धाकटी हेच सांगत होती. हीच ती खोट.

आता बाई दाबणार. नवी, हलकी गाडी, ब्रेक लावून धरणारं कुणी नाही. सरळ ड्रम, कदाचित भिंत. तक्रारीच्या तपासणीच्याच दिवशी, साहेब आत असताना. तिचा परवाना तासाभरात जाणार आणि माझं बोटही लागलेलं नसणार. मी फक्त गप्प उभं राहायचं.

खरं लिहितो. मला आनंद झाला. पाच सेकंद, फार तर सहा, इतका आनंद मला वर्षात झाला नव्हता. धाकटी ड्रमांच्या पलीकडे उभी राहून बाईंना हातानं "या, या" करत होती. बाईंनी गियर टाकला. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सवयीनं. मी शेजारी नाही, तरी माझ्याचकडे.

मी धावलो. या वयात आणि या पोटानं. बॉनेटवर दोन्ही हात आपटले. "बाई, थांबा! अर्धाच दाबा! अर्ध्याहून कमी!"

"तुम्हीच तर म्हणता दाबा म्हणून!"

"मी चुकीचं शिकवलं! माझा पाय होता ब्रेकवर! तुम्हाला येतं चालवायला, मीच अडवून धरलं होतं!"

सगळं मैदान ऐकत होतं. दुसऱ्या शाळांचे मास्तर, त्यांचे शिकाऊ, फॉर्म विकणारा. साहेबांनी मला हातानंच बाजूला व्हायची खूण केली. मी बाजूला झालो.

गाडी हळूच निघाली. एकदा बंद पडली. पुन्हा सुरू केली. ड्रमांना वळसा घातला, चढावर थांबली, मागे न घसरता वर गेली. बाई पास झाल्या. उतरून त्यांनी धाकटीला मिठी मारली, मला नाही. बरोबरच आहे.

धाकटी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. काही तरी बोलणार होती. मी म्हटलं, "एक शब्द बोलू नकोस." तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली, कारण तहान लागली होती. दुसरं कारण नाही.

मंगळवार, २५

घरी हिनं सगळं बाहेरून ऐकलं होतं. मला वाटलं टोमणा मारेल. म्हणाली, "त्या पाच जणांचं काय?" मी म्हटलं, कुठले पाच? "नापास झाले ते. त्यांना बोलवा."

दुपारी पाचही जणांना फोन केले. औषधवाला म्हणाला, "मास्तर, मी आता तुमच्या बहिणीकडे लावलंय." म्हटलं, बरं केलंस. फोन ठेवल्यावर टेबलावर मूठ मारली.

गुरुवार, २७

पॅड नवे, पिन नवी. साहेबांनी फिरवली, मी मांडी घालून बसलो. पायाला मुंग्या आल्या, पण आवाज नाही. पास.

धाकटीला मी माफ केलेलं नाही. तिनं तेव्हा शटर उघडून, मला समोर उभं करून दाखवायला हवं होतं. हे मी तिला तोंडावर सांगणार आहे. रविवारी तिला जेवायला बोलावलंय, तेव्हाच सांगीन.

शिक्का मिळण्याआधी खिडकीवर एक फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना: दोषाचे कारण. कारकून म्हणाला, "जुनी गाडी, असं लिहा. सगळे तेच लिहितात." मी उजव्या हातानं, नीट अक्षरात लिहिलं: "सदर शिक्षकाने बावीस वर्षे ब्रेकवरून पाय काढला नाही. सबब सहा शिकाऊ व्यक्ती नाहक नापास. पत्र क्रमांक अमुक अन्वये आलेली निनावी तक्रारही त्याचीच."

कारकुनानं दोनदा वाचलं. "मास्तर, अहो हे काय? हा फॉर्म आहे, तक्रार अर्ज नाही."

"तक्रारच आहे," मी म्हटलं. "या वेळी खाली सही केली आहे."